हिवराळे काकांचा डबा

हिवराळे काकांच्या हातचा चहा मी जितक्या वेळा प्याले, तितक्या वेळा श्वास रोखून प्याले. चहा फर्मास असायचा. आलं ठेचून, दूध आटवून, साखर सढळ हातानं टाकून. घोटाळा होता तो सांडशीचा. ज्या सांडशीनं ते चहाचं पातेलं उतरवायचे, त्याच सांडशीनं एकदा त्यांनी जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातून मेलेली पाल ओढून काढली होती. मी समोर खुर्चीवर बसलेली. पाल वाळून कडक झालेली, शेपूट पंख्याच्या पात्यात अडकलेलं. काकांनी ती कागदावर टाकली, सांडशी लेंग्याला पुसली आणि गॅसकडं गेले, कारण दूध उतू जायला आलं होतं.

"काका, अहो ती पाल!" मी ओरडले.

"मेलीय ती," काका म्हणाले. "आन् हे लोखंड हाय. लोखंडाला काय होतंय?"

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळपासून लोकांच्या थुंकीच्या, लघवीच्या आणि त्याहून नकोशा गोष्टींच्या बाटल्या माझ्या टेबलावर रांगेत उभ्या असतात. त्यांच्या शेजारी बसून मी डबा खाते. म्हणजे किळस या विषयातलं मला थोडंफार कळतं आणि ती मला उगाच येत नाही. पण हिवराळे काकांनी मला किळस आणली. भिंतीला भिंत लागून राहत होतो तेवढी सगळी वर्षं आणली.

ते वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म पत्रा कापण्यात आणि वाकवण्यात गेला. देह मोठा, पोट सुटलेलं, अंगात भोकं पडलेली बनियन आणि कानातल्या केसांत कायम लोखंडाचा चुरा. उजव्या करंगळीचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलं होतं. त्या नखानं ते कान कोरायचे, स्क्रूच्या खाचेतला मळ काढायचे आणि शेंगदाण्याचं सालसुद्धा काढायचे. काम करताना स्क्रू तोंडात धरायचे. कुणी आलं की ते गालात सरकवून गप्पा मारायचे आणि लागेल तसा एकेक ओला स्क्रू बाहेर काढून बसवायचे. ड्रिलचं पातं तापलं की त्यावर थुंकायचे. चर्र आवाज झाला की समाधानानं मान हलवायचे.

हात धुण्याचं नाव काढलं की एकच उत्तर. "नळाला पाणी हाय का? नाय ना? मग?" आमच्या बायपासकडच्या कॉलनीत पाणी आठवड्याने येतं आणि आलं तरी घोटभर, त्यामुळं या उत्तरावर बोलता येत नसे. बाकी सगळी कॉलनी त्याच पाण्यात हात धुत होती, हा भाग निराळा.

सुमनकाकू मात्र अशा की त्यांच्या फरशीत तोंड पाहावं. पितळेची भांडी लख्ख, ओटा कोरडा, ओटा पुसायचं फडकंसुद्धा घडी घालून ठेवलेलं. त्यांनी नवऱ्यासाठी वेगळी सांडशी आणून लाल दोरा बांधून दिली होती. काका ती कुठंतरी ठेवून विसरायचे आणि हाताला लागेल ती उचलायचे. काकू तारेच्या घासणीनं ती घासत बसायच्या. "ताई, या माणसाला मी पाचोडच्या बाजारात पैल्यांदा पायलं तवा बी हात काळेच व्हते," त्या मला म्हणाल्या होत्या. "मला वाटलं, धुतल्यावर गोरा निघंल."

कॉम्प्युटरचं वेड त्यांना लेकीमुळं लागलं. ती शिकून पुण्याला नोकरीला गेली आणि तिचा जुना कॉम्प्युटर मागं राहिला. उन्हाळ्यात तो तासाभरात तापून बंद पडायचा. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. काकांनी त्याची पेटी उघडली. आपण सगळे तिला सीपीयू म्हणतो. काका डबा म्हणायचे. त्यांनी डब्याच्या तोंडाशी हात धरला, मागं धरला, आणि निकाल दिला, "ह्याचं नाक बुजवलंय. गार वारा आत यायला वाटच नाय, मग जीव घुसमटंल का नाय?"

आतलं सगळं सामान काढून त्यांनी रिकामा डबा गच्चीवर नेला. पोहे खायची ताटली डब्याच्या पुढच्या पत्र्यावर पालथी ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. त्या रेघेवर शेजारी शेजारी बारीक भोकं पाडली, मग हॅक्सॉचं तुटकं पातं चिंधीत गुंडाळून भोकाभोकातली जागा कापत गेले. गोल चकती टणकन खाली पडली. कडेला कानस मारली, आत पंखा बसवला. कॉम्प्युटर दिवसभर चालला. काका गच्चीवरून ओरडून कॉलनीला सांगत होते, "बगा, श्वास घ्यायला लागला!" त्यांना बढाया मारायला आवडायच्या आणि ऐकणारं कुणी नसलं तरी त्यांचं चालायचं.

ऐकायला मी असायचे, कारण आमच्या गच्च्या जोडलेल्या होत्या. माझ्या त्या वर्षीच्या कुरडया त्याच दुपारी वाळत होत्या. संध्याकाळी उचलायला गेले तर प्रत्येक कुरडईवर काळा चकचकीत चुरा. जीभ लावून पाहिली, लोखंडच. मला शिसारी आली. मी परात तशीच त्यांच्यापुढं नेऊन आपटली.

काका वाकून पाहत म्हणाले, "लोह हाय, ताई. तुमच्या लॅबमधी बायांचं रक्त कमी निगतं म्हणता ना? तळून घाला त्यास्नी."

मी आठ दिवस बोलले नाही. नवव्या दिवशी काकूंनी स्वतः केलेल्या कुरडयांचा डबा आणून दिला आणि पुन्हा तो श्वास रोखून प्यायचा चहा सुरू झाला.

मग काका जुन्या बाजारातून भंगारातले डबे आणू लागले. त्या डब्यांतून काय काय निघायचं, ते सांगायला नको, पण सांगते. झुरळांच्या अंड्यांच्या तपकिरी कुप्या, उंदराच्या लेंड्या, केसांचे पुंजके, कुणाच्या तरी गुटख्याचा सुकलेला ओघळ. हे सगळं ते एका ब्रशनं झाडून काढायचे. तो ब्रश मला ओळखीचा वाटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून पाहिलं तर काका आरशासमोर बसून त्याच ब्रशानं गालाला फेस लावत होते. मी त्या दिवशी नाश्ता केला नाही.

आमच्या कॉलनीत अभ्यासिका आहे. समाजमंदिराला लागून पत्र्याची खोली, त्यात टेबलं आणि भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. फॉर्म भरायला आणि सराव परीक्षा द्यायला तिथं एक कॉम्प्युटर होता. पत्रा तापला की तो ऐन परीक्षेत झोपायचा. सोसायटीच्या बैठकीत नवीन घ्यायचा विषय निघाला आणि नेहमीसारखा पुढं ढकलला गेला. तेव्हा काका उठले. "कामून नवा घ्यायचा? मी डबा करून देतो. माझ्या हातचा. वरून वणवा पेटला तरी बंद पडणार नाय."

सोसायटीचे सचिव अण्णा हसून म्हणाले, "अवश्य, हिवराळे. तुमच्यासारख्या कारागिराचा आम्हाला अभिमान आहे."

अण्णा म्हणजे आमच्या कॉलनीतला सर्वात स्वच्छ माणूस. पांढरा शुभ्र झब्बा, कापलेली नखं, अंगाला अत्तराचा मंद वास आणि खिशात हात निर्जंतुक करायची छोटी बाटली. कुणाशी हस्तांदोलन झालं की दोन थेंब. बोलणं लोण्यासारखं. मला त्यांच्याविषयी तेव्हा काही वाटत नव्हतं.

काका त्या डब्यामागं दोन महिने लागले. इतका जीव लावून काम करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. पुढं एक भोक, वरच्या पत्र्याला एक, गरम हवा वर निघून जायला. वरच्या भोकावर जाळी हवी म्हणून काकूंच्या गव्हाच्या चाळणीची जाळी कापली. काकू दिवसभर करवादल्या आणि संध्याकाळी स्वतःच ती जाळी घासून चकचकीत करून दिली. रंग मारायच्या आधी पत्रा घासायचा म्हणून काकांनी माझ्याकडून जुन्या कापडाचे तुकडे नेले. कापलेल्या कडेला बोट फिरवून पाहायचे, ओरखडा आला की बोट चोखायचे आणि पुन्हा कानस मारायचे.

"पोरींचे हात लागतील," म्हणायचे. "कापायला नको."

एके दिवशी ते सलाईनची नळी घेऊन आले. ती उभी चिरून कडेवर बसवली की धार झाकली जाते, असं त्यांचं म्हणणं. नळीत खाली थोडंसं गुलाबी पाणी होतं.

"ही कुठून आणली?" मी विचारलं.

"दवाखान्याच्या मागं पडलेली."

मी किंचाळले. ती नळी त्यांच्या हातून चिमट्यानं घेतली, पिशवीत बांधली, लॅबमध्ये नेऊन दूषित कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली आणि त्यांना कोरी नळी आणून दिली. त्यांना जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. काका स्क्रू गालात धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमी लई रागवता, ताई. पण येता."

त्या दिवशी काका खाली गेल्यावर काकूंनी मला थांबवलं. "यांना बोला, पण आता जरा कमी बोला," त्या म्हणाल्या. "या कॉलनीत ऱ्हायला येऊन इतकी वर्सं झाली. लेकीच्या लग्नाला सगळे आले, पाकिटं दिली, जेवलं कोन? तुमी आन् तुमचे मालक. आता यांचं आपलं एकच हाय. त्या खोलीत आपल्या हातची एक वस्तू ऱ्हावी. समद्यांनी रोज हात लावावा तिला."

ते लग्न मला आठवत होतं. जेवणाच्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि काका वाढप्यांना उगाचच ओरडत होते.

डबा तयार झाला तेव्हा अण्णा पाहायला आले. काकूंनी तांब्याच्या तबकात पाण्याचे ग्लास आणले. ते इतके लख्ख होते की त्यांत खिडकी दिसत होती. अण्णांनी हात जोडले. "आज एकादशी आहे माझी."

एकादशीला पाणी चालतं. हे मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं आणि काकूंनाही माहीत असावं, कारण त्या तबक घेऊन लगेच आत गेल्या.

फाटकाशी अण्णा मला म्हणाले, "तुम्ही जाता-येता यांच्याकडं, कौतुक आहे. मला तर त्या हातांकडं पाहूनच मळमळतं."

"ग्लास काकूंनी आणले होते," मी म्हटलं. "काकूंच्या हातांना काय झालंय?"

"तसं नाही हो. मी असलं काही मानत नाही. पण शेवटी संस्कार असतात एकेकाचे. तुम्ही आपल्यातल्या, म्हणून बोललो." आणि खिशातली बाटली काढून त्यांनी हातांवर दोन थेंब घेतले. काकांच्या घरात त्यांनी कशालाही हात लावला नव्हता.

पाल, झुरळं, गुलाबी नळी, दाढीचा ब्रश. माझ्या किळसेला एवढा सगळा हिशेब होता. मी ती तोंडावर बोलून दाखवत होते आणि ती साबणानं जाणारी होती. या माणसाची किळस मात्र लख्ख ग्लासालाही आली. त्या 'आपल्यातल्या' या शब्दानं मला माझ्याच अंगावर काहीतरी सांडल्यासारखं झालं. घरी जाऊन मी आंघोळ केली.

खंडेनवमीला अभ्यासिकेत पूजा ठेवली होती. नवीन खुर्च्या आल्या होत्या, त्या आणि काकांचा डबा एकदमच वापरायला काढायचा होता. आदल्या संध्याकाळी काकांनी डबा तिथं बसवला, सगळं जोडून चालवून पाहिलं. चार पोरी टाळ्या वाजवत होत्या. मग अण्णांनी कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

सकाळी काका पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. तो शर्ट खरं तर दुसऱ्या दिवशीचा, धम्मचक्र दिनाला लेण्यांवर जायचा. काकू मागं, त्यांच्याही अंगावर पांढरी साडी. खुर्च्यांना झेंडूची माळ लावली होती, डब्यालाही हार होता, कुंकू होतं. काका दाराशीच थांबले. "तुमची पूजा तुमी करा," ते म्हणाले. "मी बटन दाबतो."

आरती झाली, नारळ फुटला. सगळे बाजूला सरले. काका पुढं आले, हात शर्टाला पुसणार तेवढ्यात काकूंनी डोळे वटारले, म्हणून लेंग्याला पुसले, आणि बटण दाबलं.

पंखा अर्धा वळसा फिरला. टक् असा आवाज आला, वरच्या जाळीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि सगळं गप्प झालं.

काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. खोलीत कुणीतरी हसलं. "जुगाड तो जुगाडच." दुसरं कुणी म्हणालं, "काहीतरी घाण गेली असेल आत. त्यांच्याकडं कुठं असते स्वच्छता." काकूंनी पदर तोंडाला लावला.

काकांनी वायर काढली, खाली बसून बाजूचा पत्रा उघडला. मी त्यांच्याजवळ जाऊन वाकले. जाळीच्या बरोबर खाली, आतल्या हिरव्या बोर्डावर पिवळसर थेंब साचले होते आणि त्यातला एक काळा पडून करपला होता. वास आला. जळल्याचा होताच, पण त्याच्या खाली दुसरा. या वासात माझा दिवस जातो. तो ओळखायला मला यंत्र लागत नाही.

"हे मूत्र आहे," मी मोठ्यानं म्हटलं. "गाईचं असेल."

अण्णा हसले. "हो, मी सकाळी येऊन थोडं गोमूत्र शिंपडलं. पवित्र असतं. नवीन वस्तूवर आपण शिंपडतोच की."

मी वळून खुर्च्यांपाशी गेले. एकेक खुर्ची हातानं चाचपत गेले. प्लास्टिकवर धूळ होती, झेंडूच्या पाकळ्या होत्या. ओल नव्हती, डाग नव्हता, वास नव्हता.

"खुर्च्याही नवीन आहेत, अण्णा," मी म्हटलं. "यांच्यावर नाही शिंपडलं?"

अण्णा खुर्चीवरची झेंडूची माळ सारखी करू लागले. जो हसला होता तो मोबाइल पाहू लागला. मला त्या सगळ्या आंघोळ केलेल्या, अत्तर लावलेल्या माणसांची घाण वाटली. लॅबमध्ये असं मला एकदाही झालेलं नाही.

काका अजून खालीच बसले होते. थेंब पुसताना त्यांच्या बोटांना ते लागलं होतं. बोटं नाकाशी नेऊन त्यांनी वास घेतला. मला वाटलं, आता लेंग्याला पुसतील आणि म्हणतील, लोखंडाला काय होतंय. ते उठले.

"साबण हाय का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी चमकून वर पाहिलं. कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं, वर साबणाची वडी. काकांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि हात धुवायला घेतले. एक तांब्या, दुसरा, तिसरा. बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटांवरून, कोपरापर्यंत. करंगळीचं ते लांब नखही दुसऱ्या हातानं घासलं. पाणी फरशीवरून वाहत पूजेच्या पाटापर्यंत गेलं. आठवड्याचं पाणी संपत होतं आणि कुणीही त्यांना थांबवलं नाही.

अण्णा पुढं झाले. काय करावं ते त्यांना सुचत नसावं. खिशातली ती छोटी बाटली काढून त्यांनी काकांपुढं धरली. "हिवराळे, हे घ्या. यानं वास जाईल."

काकांनी बाटलीकडं पाहिलं, मग अण्णांकडं.

"नको," ते म्हणाले. "तुमच्या हातचं नको."

त्यांनी डब्यावरचा हार काढून खुर्चीवर ठेवला, डबा दोन्ही हातांत उचलला आणि बाहेर पडले. काकू मागोमाग गेल्या. नंतर सोसायटीनं दोनदा निरोप पाठवला, पण तो डबा परत तिथं गेला नाही. त्याच हिवाळ्यात घर विकून दोघं लेकीकडं पुण्याला गेले आणि डबा ट्रकमध्ये सगळ्यात आधी चढला.

पण मला काका आठवतात ते त्या खंडेनवमीच्या सकाळचे. मी त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या घरी गेले. काकू आतल्या खोलीत जाऊन पडल्या होत्या. काका गॅसपाशी उभे होते. पातेलं त्याच सांडशीनं उतरवलं, त्याच गाळणीतून चहा गाळला. कप माझ्यापुढं धरला तेव्हा त्यांचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले. मळ गेला होता. कातडी सुरकुतलेली, फिकट, आणि तिच्यावर पत्र्यानं कापल्याच्या जुन्या पांढऱ्या रेघाच रेघा.

"घ्या, ताई," ते म्हणाले. माझ्याकडं पाहत नव्हते. "आज हात धुतलेत."

त्याची काही गरज नव्हती, असं म्हणावंसं वाटलं. पण ते खोटं झालं असतं आणि खोटं त्या सकाळी पुष्कळ झालं होतं. मी कप घेतला आणि श्वास न रोखता प्याले.